एक्क्याण्णवच्या आत

९ जानेवारी

वजन ९८.४ किलो. उंची पाच फूट चार. हे इथे लिहून टाकते, कारण आजवर कुठल्याही कागदावर मी माझं वजन खरं लिहिलेलं नाही. विम्याच्या फॉर्मवर मी अजूनही बहात्तर किलोची आहे.

दादाच्या किडन्या जाऊन दीड वर्ष झालं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. आज मोठ्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. आईचं वय आणि साखर, म्हणून ती बाद. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. माझं सगळंच जुळतं. डॉक्टर म्हणाले, वहिनीसुद्धा देऊ शकते, अदलाबदलीत. म्हणजे तिची किडनी दुसऱ्या एखाद्या जोडप्यातल्या आजाऱ्याला आणि त्यांच्यातली दादाला. आई लगेच म्हणाली, "तिच्या पदरात दोन पोरं आहेत. आणि घरचं माणूस असताना परक्यांच्या दारात कशाला जायचं?"

घरचं माणूस म्हणजे मी. बेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, मागे कोणी नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली असणार, कारण वहिनीने माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "वजन किती?"

एक्क्याण्णवच्या आत यायचं. मुदत चार महिने. आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलात देखरेखीखाली तासभर चालायचं, बाकीचे दिवस आपलं आपण.

घरी दादाबरोबरच आले. जिना चढताना दोघेही दुसऱ्या मजल्यावर थांबलो. तो दमून, मी दमून.

१३ जानेवारी

पहिला तास. तोंडाला मास्क, छातीला पाच तारा, बोटाला चिमटा. खोली लहान, खिडकी वरच्या बाजूला, समोर भिंत. ट्रेडमिलवर उभं राहिलं की भिंतीवरच्या रंगाचे पोपडे मोजण्यापलीकडे काही करता येत नाही. मी एकशे चौदा मोजले.

यंत्रापाशी एक बाई असते, सडसडीत, पन्नाशीची. गळ्यात घड्याळ अडकवलेलं. नाव सांगितलं तिने, पण मी मनातल्या मनात तिला घड्याळबाई करून टाकलं.

वेग अगदी कमी. या वेगाने लोक फोनवर बोलत, भाजी निवडत फिरतात. दहाव्या मिनिटाला छातीचे ठोके १४१. मी मास्कमधून विचारलं, "हे वाईट आहे का?"

ती म्हणाली, "माझे इथे शंभर पडतील. पण मी एकटी चालते. तुम्ही पाठीवर पोतं घेऊन चालताय. हृदय तेवढंच आहे, काम दोघांचं करतंय."

हसू आलं. दादा मला लहानपणापासून गोणी म्हणतो.

चाळिसाव्या मिनिटाला वेग तोच, चढ नाही, तरी ठोके १५८. मला वाटलं मेलेच. ती शांतपणे सांगत होती की अंग तापलं की रक्त उष्णता बाहेर टाकायला कातडीकडे धावतं, घामाने पाणीही कमी होतं, मग हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त पळावं लागतं. आणि माझ्यासारखीची उष्णता बाहेर पडत नाही, कारण मी आतून गोधडी पांघरलेली आहे.

उतरले तेव्हा जमीन पुढे सरकत होती. दहा मिनिटं बाकावर बसून राहिले. मध्ये कधी उतरता येईल का, हे विचारायला विसरले.

२२ जानेवारी

मांड्या आतून सोलून निघाल्यात. कपडा लागला तरी आग होते. ऑफिसात खुर्चीत पाय फाकवून बसले होते, शेजारच्या टेबलावरच्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माझं काम फोनवर बसायचं. लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. कुठे लिफ्ट बंद पडली की आत अडकलेला माणूस लाल बटण दाबतो आणि फोन माझ्याकडे येतो. माणूस पोचेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहायचं. एकोणीस वर्षं हेच. आज एक म्हातारे गृहस्थ होते, पंचवीस मिनिटं. त्यांना घरची नावं विचारली, जेवणात काय होतं विचारलं. सुटल्यावर म्हणाले, "तुमचा आवाज फार बारीक माणसाचा वाटतो हो." खूश झाले. घरी सांगितलं, तर आईसुद्धा हसली.

घड्याळबाईने मलम दिलं आणि आत घालायला लांब घट्ट पँट सांगितली. आधी सांगितलं असतं तर कातडी तरी वाचली असती.

६ फेब्रुवारी

९६.१.

घरात माझी अशी बडदास्त कधीच नव्हती. आई आधी माझं ताट वाढते. सूप, उकडलेल्या भाज्या, मोजून मापून. पण पहिलं ताट माझं. वहिनीने काल गरम पाण्यात माझे पाय धरून चोळले. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "असू दे गं, हे पाय आता आमचे आहेत." चेष्टेत म्हणाली.

आई शेजारणीला सांगत होती, "तिच्यामुळे माझं घर उभं राहणार आहे." हीच आई पाहुणे आले की मला म्हणायची, तू आत बस, खुर्च्या कमी पडतात.

एक गोष्ट लक्षात आली. दादाने महिनाभरात मला एकदाही गोणी म्हटलेलं नाही. नावाने हाक मारतो. मला दर वेळी वाटतं, दुसऱ्या कोणाला बोलावतोय.

२४ फेब्रुवारी

९४.३! आणि चाळिसाव्या मिनिटाला ठोके १३९. जानेवारीत १५८ होते. घड्याळबाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून दाखवले. म्हणाली, "तुमच्या पोटऱ्या बघा. इतकी वर्षं एवढा भार उचलून लोखंड झालंय त्यांचं. मी तुमच्याएवढं वजन बांधून चालले तर पाच मिनिटांत खाली बसेन."

माझ्या शरीराबद्दल कोणी चांगलं बोललेलं मला आठवत नाही. घरी येऊन आरशासमोर पोटरी बघितली. खरंच बरी आहे.

श्वासाचं मात्र अजून तसंच. पोटाचा भार खालून दाबतो, फुप्फुसं पुरती उघडत नाहीत, म्हणून कुत्र्यासारखी धाप लागते. तिने मला हात वर धरून श्वास घ्यायला शिकवलं. पाय फेंगडे पडतात, तेही तिने दाखवलं. मांड्या एकमेकींत अडकतात म्हणून मी पाऊल बाहेर टाकते, आणि मग सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूला. एका पावलाला अडीचशे किलो, ती म्हणते. तासाभरात पाच हजार पावलं. मी गुणाकार करत बसले नाही.

आज पहिल्यांदा वाटलं की हे मला आवडू लागलंय. फक्त चालणं. त्याच्यापुढचं काही डोक्यात नसेल तर.

१५ मार्च

९२.९. डाव्या टाचेत कळ. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की खिळा ठोकल्यासारखं होतं. दोन दिवस चालायला गेले नाही. आईचा चेहरा पडला. दर तासाला, "आता कशी आहे टाच?" माझ्या बाळंतपणाची वाट बघत असल्यासारखं घर माझ्या टाचेकडे लक्ष लावून बसलंय.

२ एप्रिल

९२.४. आता फक्त दीड किलो. हॉस्पिटलात पोचते तेव्हा घसा अगदी कोरडा पडलेला असतो. बाकावर बसून दोन बाटल्या पाणी संपवते, मग आत बोलावतात. आधी वजन, मग रक्तदाब, मग ट्रेडमिल.

आज दादाची डायलिसिसची वेळ माझ्याच वेळेला होती म्हणून एकत्र गेलो. तो माझ्याजवळ बाकावर बसला होता. त्याला दिवसाला मोजून तीन कप पाणी. जास्त झालं की फुप्फुसात भरतं. मी बाटली तोंडाला लावली आणि तो बघत राहिला. फार वाईट वाटलं. मी पाठ फिरवून प्यायले.

तो म्हणाला, "दुसरीपण संपवणार?"

म्हटलं, "तहान लागते रे."

त्यालाही आत गेल्यावर आधी वजनावर उभं करतात, किती पाणी काढायचं ते ठरवायला. तो उठून गेला.

९ एप्रिल

९२.६. कसं शक्य आहे? आठवडाभर मी वाटीभर जास्त काही खाल्लं नाही. वहिनीने सगळं लिहून ठेवलंय. आई म्हणाली, "ऑफिसात काही खातेस का?" मी रडले. तिने माझा डबा उघडून वास घेतला.

१६ एप्रिल

९२.५.

१९ एप्रिल

९२.५. घड्याळबाईने तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ठोके उतरताहेत. कंबर तीन बोटं गेली. पँट सैल झालीय तुमची. वजन तेवढं हटून बसलंय."

मी म्हटलं, "माझं शरीरच हट्टी आहे."

"असेल," ती म्हणाली.

आज ट्रेडमिलवर विसाव्या मिनिटाला काहीतरी विचित्र झालं. पाय व्यवस्थित चालत होते, श्वासही ठीक, ठोके १२६. आणि एकदम वाटलं, मला इथून बाहेर काढा. लाल बटण समोरच होतं, हातभर अंतरावर. मी हात पुढे केला नाही. बटण दाबलं तर काय सांगणार? दुखत काहीच नव्हतं.

२७ एप्रिल

समुपदेशक बाईंनी एकटीला बोलावलं. नियमच आहे म्हणे, देणाऱ्याशी घरच्यांशिवाय बोलायचं. विचारलं, "हे तुम्ही स्वतःच्या इच्छेने करताय?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसल्या. गप्प बसणाऱ्या माणसाचं मला कळतं, मीही फोनवर तेच करते, समोरचा आपोआप बोलतो. म्हणून मी बोलले नाही.

बाहेर वहिनी उभी होती. "काय विचारलं?" "काही नाही, नेहमीचंच."

३० एप्रिल



मी बाकावर पहिली बाटली उघडत होते. घड्याळबाई स्वतः बाहेर आली. "ताई, आज आधी वजन करू. पाणी नंतर." मी म्हटलं, घसा सुकलाय. ती म्हणाली, "दोन मिनिटं."

९०.८.

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तिने मला पलीकडच्या खोलीतल्या दुसऱ्या काट्यावर नेलं. ९०.८.

खोलीत आम्ही दोघीच. तिने आकडा अजून लिहिला नव्हता. पेन हातात होतं. म्हणाली, "एक महिना झाला, तुम्ही दीड लिटर पाणी पिऊन काट्यावर चढताय. मी बोलले नाही, कारण मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." मग म्हणाली, "मी अभिनंदन म्हणू की नको?"

मी तिथल्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. मला खरंच तहान लागायची. देवाशपथ. मी कोणाला फसवत नव्हते. मी स्वतःला विचारलं, घरी तहान लागते का? नाही. ऑफिसात? नाही. आणि चालून घामाघूम झाल्यावर? तेव्हाही दोन घोट पुरतात.

"लिहू नका," मी म्हटलं.

"आज नाही लिहीत. पण परवा लिहावंच लागेल. परवापर्यंत डॉक्टरांना भेटा."

२ मे

डॉक्टरांना सांगितलं. वाक्य रस्ताभर पाठ करून गेले होते, तरी उलटंच आलं. मी म्हटलं, "माझं वजन झालंय आणि मला द्यायची नाही."

मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बसा." मग म्हणाले, "का, ते मला सांगायची गरज नाही. मी फाइलवर लिहीन, वैद्यकीय कारणास्तव अपात्र. घरच्यांना कारण कळणार नाही. असे पुष्कळ लोक येतात. तुम्ही पहिल्या नाही."

मी तरी का ते सांगत होते. की मला ऑपरेशनची भीती नाही. की मला दादा हवाय. की मी सकाळी डोळे उघडते तेव्हा ही एक गोष्ट अशी असते जिला मी हो म्हटल्याचं मला आठवतच नाही. ते ऐकत होते, पण बाहेर रांग होती.

पत्र पर्समध्ये आहे. दीड ओळ.

३ मे

पत्र वाचून वहिनी आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आई म्हणाली, "शेवटी वजनानेच घात केला." तिने पत्राची घडी घातली. "चार महिने उकडलेलं खाल्लंस म्हणे. मग गेलं कुठे? दोन घास तोंडात कमी टाकले असतेस तर आज माझा मुलगा..." पुढचं तिने गिळलं.

आणि इथे मी खरं लिहिणार आहे. मला बरं वाटलं. लठ्ठ म्हणून बोलणी खाणं मला जमतं. त्याची मला जन्माची सवय आहे. यापुढे मरेपर्यंत या घरात मी तीच असेन, जिने खाण्यापायी भावाला वाचवलं नाही. आणि मला चालेल.

६ मे

रविवार. सगळे एकत्र जेवत होतो. आई परत सुरू झाली, ताटाकडे बघत, माझ्याकडे न बघता. दादाने घास खाली ठेवला. इतक्या दिवसांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"बास आता. तिला एक शब्द बोलायचा नाही. तिने पायाची सालं काढून घेतलीत माझ्यासाठी. मी बघितलंय तिला लंगडत जिना चढताना. तुमच्यापैकी कोणी चाललं का एक दिवस तिच्याबरोबर?"

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू केलंस तेवढं पुष्कळ झालं."

आईची बोलणी मी वर्षभर खाल्ली असती. हे मला गिळता येईना.

मी म्हटलं, "दादा, वजन नव्वद आठशे आहे. बसतंय त्यांच्या आकड्यात. मी नाही म्हणाले."

कोणालाच कळलं नाही आधी. आईने विचारलं, "काय आहे नव्वद?" परत सांगितलं. सावकाश सांगितलं, ऑफिसात सांगते तसं.

आई उठली आणि बेसिनचा नळ सोडून उभी राहिली, हात न धुता. वहिनीच्या ओठांचा रंग गेला. पोरं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. दादा ताटातल्या भाताच्या शितांचा एक ढीग करत राहिला, छोटा, मग त्याहून छोटा.

७ मे

कोणी बोलत नाही. माझं ताट झाकून ठेवलेलं असतं.

संध्याकाळी एक तास चालून आले. तळ्याकडून बाजारापर्यंत आणि परत. कोणी सांगितलं नव्हतं. पँट कमरेतून घसरत होती, पिन लावावी लागली.

१२ मे

वहिनी खोलीत आली. उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. मला वाटलं, आता शिव्या. ती म्हणाली, "ती अदलाबदलीची नोंद कुठे करतात? त्याच डॉक्टरांकडे?"

मी हो म्हटलं. कुठल्या खिडकीत, कोणते कागद, सगळं सांगितलं. ती लिहून घेत होती. मग लिहिता लिहिता म्हणाली, "पहिल्या दिवशी डॉक्टर बोलले ना, तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. सासूबाईंनी नको म्हटलं आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं. मी तुझा हात धरला. तो आभाराने धरला नव्हता गं."

मी म्हटलं, "माहीत नव्हतं मला."

"मलाही नव्हतं," ती म्हणाली. जाताना दार नीट लावून गेली.

नोंद झाली तरी जोडपं जुळायला वर्षही लागू शकतं, दोनही लागू शकतात. डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत.

१९ मे

वहिनीच्या तपासण्या आहेत म्हणून दादाला डायलिसिसला मी घेऊन गेले. आम्ही चालतच गेलो, पाऊण किलोमीटर. त्याला धाप लागत होती, मला नाही. हे पहिल्यांदाच झालं. मी पाऊल आखडतं घेतलं. त्याच्या ते लक्षात आलं.

बारा दिवसांत तो माझ्याशी बोललेला नव्हता. फाटकापाशी आल्यावर थांबला, खांबाला हात टेकवला.

"एक सांग. द्यायची नव्हती तर चार महिने चाललीस कशाला?"

"कुठे थांबायचं ते कळत नव्हतं."

"पहिल्याच दिवशी नाही म्हणायचंस."

"पहिल्या दिवशी मला कोणी विचारलंच नाही, दादा. देशील का, असं. तूपण नाही विचारलंस."

एक ॲम्ब्युलन्स आत गेली, आम्ही बाजूला झालो.

"विचारलं असतं तर?"

मी खोटं बोलणार नव्हते आणि खरं मला माहीत नव्हतं. तरी जे तोंडात आलं ते म्हणाले, "तर बहुतेक हो म्हटलं असतं."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली सूज, ओठ सुकलेले. मी तिथेच उभी राहिले. तो आता विचारणार, हे मला कळत होतं. विचारलं तर मी काय बोलेन हे मला ठाऊक नव्हतं, तरी पहिल्यांदाच पळून जावंसं वाटत नव्हतं.

त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्या हातातली त्याच्या कागदांची पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल, माझी खुर्ची दुसऱ्याला देतील."

आत नर्सने त्याला वजनावर उभं केलं, मग खुर्चीत बसवून दोन सुया लावल्या. मी बाहेर बाकावर बसले. चार तास. त्याने विचारलं नाही.